बिनरेडिओची कमारो

मोनोंगाहेला नदीतल्या एका मांगूर माशानं माझ्या टोइंगच्या गाडीचा हूक गिळला आणि गाडीसकट मला धरणापर्यंत फरफटत नेलं, ही गोष्ट आमच्या खोऱ्यात सगळ्यांना पाठ आहे. माशाचं वजन दर वर्षी वाढतं, त्याला माझा इलाज नाही. मासाच तो, वाढणारच. सांगायचा मुद्दा, एमलिन प्यू हा माणूस थापाड्या आहे हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझी त्याबद्दल तक्रार नाही. थाप मारणं हाही एक हुन्नर आहे, आणि हुन्नर असणाऱ्याला दुसऱ्याचं काम ओळखता येतं. सुताराला टेबल बघून कळतं, तसं मला वाक्य ऐकून कळतं, हे घडलेलं आहे की घडवलेलं.

सिरिल हुडाकनं बापाला सांगितलं होतं ते घडलेलं होतं. हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं. त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही, तीच ही गोष्ट.

सिरिलचा बाप मेतोद माझा शेजारी. पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर होता. उभा जन्म भट्टीत डोकावून त्याचा चेहरा भाजलेल्या विटेसारखा झाला होता आणि स्वभावही तसाच, ठोकला तर वाजायचा, वाकायचा नाही. एकुलता एक मुलगा सिरिल. शाळा संपल्यावर तोही कारखान्यात लागला आणि एकोणसत्तर साली त्यानं स्वतःच्या कमाईची नवी गाडी घेतली. कमारो. तेव्हा पोरं त्या गाडीवर जीव टाकायची. कुणाच्या गाडीवर पांढरे पट्टे, कुणाच्या अंगावर सैन्यातल्या जनरलसारखे बिल्ले. सिरिलची ट्रकवरून उतरली तेव्हा मी कुंपणाशी उभा होतो. मळकट हिरवा रंग. पट्टा नाही, बिल्ला नाही. चाकांवर कुत्र्याला पाणी ठेवतात तसल्या वाट्या. आत गालिच्याच्या जागी रबर आणि रेडिओच्या जागी एक कोरी पट्टी. गाडी कसली, पोस्टातला कारकून होता.

मेतोदनं तिला एक प्रदक्षिणा घातली. "रेडिओ कुठाय रे?"

"नाहीये, टाटो." बापाला ते घरात त्यांच्या स्लोव्हाक बोलीत टाटोच म्हणायचे.

"पट्टे?"

"नाहीत."

"मग पैसे कशाचे घेतले त्यांनी? रबराचे?"

"टाटो, तू नुसतं ऐक." सिरिलनं किल्ली फिरवली.

दोरीवर लुडमिलानं, म्हणजे सिरिलच्या आईनं, चादरी वाळत घातल्या होत्या. त्या थरथरायला लागल्या. माझ्या कुंपणाची एक फळी निखळली. थाप मारायची असती तर मी दोन म्हटलं असतं.

"हे इंजिन या गाडीत मिळतच नाही," सिरिल ओरडून सांगत होता. "कंपनीच्या माहितीपत्रकात नाहीच ते! पण टॅक्स्या, पोलिसांच्या गाड्या, ट्रक ज्या कचेरीतून मागवतात ना, तिथून आपल्या विक्रेत्यानं मागवली. तिथं वेगळं काही सांगितलं तर करून देतात. कारखान्यातूनच अशी आलीय. कुणाचा पाना लागलेला नाही हिला."

"म्हणजे टॅक्सी घेतलीस."

"हो, टाटो. बस. कुठं सोडू?"

मेतोद बसला. परत आला तेव्हा डोक्यावरची टोपी कुठंतरी उडून गेली होती आणि तो हसत होता. मेतोद हुडाकला दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं.

एक पानगळ सिरिलनं ती गाडी चालवली. मग सैन्याचं बोलावणं आलं. पुढच्या वर्षी तो व्हिएतनामहून आला तो बंद पेटीत. बरोबर आलेल्या अधिकाऱ्यानं हळू आवाजात सांगितलं, उघडू नका. त्यांनी उघडली नाही. नातेवाईक पेटीला हात लावून गेले.

त्यानंतर दर रविवारी, चर्चमधून आलं की, मेतोद गाडी गॅरेजबाहेर काढायचा, सुरू करायचा आणि बॉनेटवर तळहात ठेवून उभा राहायचा. लुडमिला त्या वेळी स्वयंपाकघराची खिडकी उघडायची. थोड्या वेळानं तो इंजिन बंद करायचा, ती खिडकी लावून घ्यायची. आम्ही शेजारीपाजारी तेवढा वेळ गवत कापायची यंत्रं बंद ठेवायचो. कुणी तसं ठरवलं नव्हतं.

पुढं त्या गाड्या जुन्या झाल्या. ज्यांनी त्या पोरवयात उडवल्या होत्या त्यांची पोटं सुटली, आणि जत्रेच्या मैदानावर गाड्यांची प्रदर्शनं भरायला लागली. त्यात 'जशी कारखान्यातून आली तशी' अशा गाड्यांचा वेगळा वर्ग असायचा. मेतोदच्या मनात आलं, पोराची गाडी तिथं उभी राहावी. पुठ्ठ्यावर त्यानं स्वतः लिहिलं: माझा मुलगा सिरिल यानं मागवली, तशीच आहे.

परीक्षक होता रँडल स्टिट. पलीकडच्या गावात त्याचं हार्डवेअरचं दुकान होतं. माणूस सज्जन. कंपनीची सगळी माहितीपत्रकं त्याला तोंडपाठ होती. बॉनेटखाली वाकून त्यानं बराच वेळ पाहिलं आणि सरळ झाला तेव्हा त्याचा चेहरा डॉक्टरसारखा झाला होता.

"हुडाकसाहेब, गाडी पोटच्या पोरासारखी जपलीत. पण हे इंजिन हिचं नाही."

"हिचंच आहे."

"चारशे सत्तावीस घनइंचाचं आहे हो हे. या गाडीत कंपनी जास्तीत जास्त तीनशे शहाण्णवचं घालायची. एखाद्या मोठ्या गाडीतलं काढून बसवलंय."

"मुलानं टॅक्सीच्या कचेरीतून मागवली होती."

भोवती जमलेले फिदीफिदी हसायला लागले. "टॅक्सी? मग मीटर कुठाय, काका?"

मला राहवेना. मी पुढं झालो. "ट्रकवरून उतरताना मी पाहिलीय. हेच इंजिन होतं."

"तो ट्रक तुझा मांगूर ओढत होता का रे, प्यू?"

मैदान दणाणलं. मेतोद माझ्याकडं वळून म्हणाला, "एमलिन, तू गप्प बस. तुझी साक्ष म्हणजे फाशीच."

स्टिटनं त्याला बाजूला घेतलं. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मनाला लावून घेऊ नका. तेव्हा आम्ही पोरं असंच करायचो. इंजिन बदलायचं, आणि बाप चिडू नये म्हणून सांगायचं, कारखान्यातूनच आलंय. मीही माझ्या वडिलांना हेच सांगितलं होतं."

शिवी दिली असती तर मेतोदनं त्याला उचलून आपटला असता. माया केली, तिथंच घात झाला.

गाडी विकणाऱ्याला विचारावं म्हटलं, तर तो केव्हाच वारला होता आणि त्याच्या दुकानाच्या जागी गालिचे विकत होते. एका संध्याकाळी मेतोद कुंपणाशी आला. "एमलिन, पोरगा माझ्याशी खोटं बोलला असेल?"

"नाही."

"तुला काय कळतंय?"

"खोट्यातलं या गावात मलाच कळतं."

तो हसला नाही. फळीवरचा रंग नखानं खरवडत राहिला. मग म्हणाला, "त्याला माझी भीती वाटायची का रे?"

एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण त्या दिवशी मी वाकून कुंपणाकडेचं गवत उपटत बसलो.

त्या रविवारी गाडी बाहेर निघाली नाही. लुडमिलानं खिडकी उघडली होती. दुपारपर्यंत ती तशीच उघडी होती.

वसंतात मेतोदनं ठरवलं. "पोरानं चूक केली असेल तर निस्तरायला बाप आहे," म्हणाला. कुठूनतरी बरोबर सालाचं तीनशे शहाण्णवचं इंजिन मिळवलं. जुनं काढायला माझीच क्रेन लागली. ते साखळीवर लोंबकळत होतं तेव्हा मी त्याला म्हटलं, "मेतोद, कोपऱ्यात ठेव. वर गोणपाट टाक. खायला मागत नाही ते."

"रोज दिसेल."

"मग माझ्या शेडमध्ये ठेव."

"कुंपणापलीकडूनही दिसेल. दिसलं की वाटेल, पोरगा मला घाबरून खोटं बोलला." त्यानं हात पुसले. "मला त्याची तेवढी एकच गोष्ट आठवत राहील. ती नको."

कारखान्यात भट्टीत भंगार घालतात. क्रेनवाल्याला सांगून मेतोदनं ते इंजिन भंगाराच्या पेटीत टाकलं आणि स्वतःच्या पाळीत, स्वतःच्या भट्टीत घातलं. भट्टीत बघायची निळी काच डोळ्यांना लावून उभा होता, असं त्याच्या जोडीदारानं मला सांगितलं. भट्टीचं दार पडल्यावरही बराच वेळ काच तशीच धरून होता.

त्या उन्हाळ्यात प्रदर्शनात गाडीला पहिल्या क्रमांकाची निळी फीत मिळाली. स्टिटनं स्वतःच्या हातानं लावली. टाळ्या पडल्या. मेतोदनं त्या अशा घेतल्या, जशी अंत्यविधीला चर्चमध्ये लोकांची सांत्वनं घेतात.

आणि पानगळीत, शेजारच्या ओहायो राज्याच्या हद्दीवर, तिकडच्याच व्हर्ना क्लाइनफेल्टर नावाच्या नर्सबाईंची गाडी बंद पडली म्हणून मला फोन आला. जाऊन बघतो तर कमारो. मळकट पिवळी. पट्टा नाही, बिल्ला नाही. चाकांवर कुत्र्याच्या वाट्या, खाली रबर, रेडिओच्या जागी कोरी पट्टी. बॉनेट उघडून टॉर्च मारला, तर आत तेच, सिरिलच्या गाडीतलं होतं तसलं चारशे सत्तावीसचं इंजिन.

"बाई, हे इंजिन कुणी बसवलं?"

"कारखान्यानं. आता हसा तुम्ही, सगळे हसतात. आमच्या यजमानांनी नवी घेतली तेव्हा मी म्हटलं, निदान रेडिओ तरी घ्या. तर विक्रेता म्हणाला, टॅक्सीवाल्यांच्या कचेरीतून मागवायची तर आहे तशी घ्या."

"टॅक्सीवाल्यांच्या?"

"हो ना. कुणाला सांगायचीही लाज वाटते."

मी रस्त्याच्या कडेला गवतात बसलो. खोटं बोलणारा माणूस गोष्टीत शर्यतीतला विजेता आणील, कारखान्यातला चोर आणील, पाहिजे तर मांगूर मासा आणील. टॅक्सी कोण आणील? थाप मोठं करायला मारतात, लहान करायला नाही. आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेली दोन माणसं, दोन राज्यांत, तीच कंटाळवाणी गोष्ट त्याच कंटाळवाण्या शब्दांत सांगत असतील, तर ती गोष्ट घडलेली असते.

गाडी आणि बाई, दोघींना घेऊन मी थेट स्टिटच्या दुकानासमोर उभा राहिलो. तो आधी माझ्यावर हसला. मग बाईंचं ऐकलं. मग चिंधी घेऊन इंजिनाच्या पुढच्या अंगाला, जिथं तेलाचा आणि धुळीचा थर बसतो, तिथं पुसायला लागला. खाली ठोकलेले आकडे होते. ते त्यानं गाडीच्या अंगावरच्या आकड्यांशी ताडून पाहिले. पुन्हा पाहिले. जुळत होते. त्या इंजिनाचा आणि त्या गाडीचा जन्म एकत्रच झाला होता.

"देवा," स्टिट म्हणाला. चिंधी त्याच्या हातात तशीच होती. "हुडाकच्या गाडीवर मी हे पुसलंच नाही. माहीतच होतं मला, म्हणून बघितलं नाही."

त्यानंतर जे सुरू झालं त्याला ताळतंत्र नव्हतं. हौशी माणसं टॉर्च घेऊन गोठ्यांत, कोंबड्यांच्या खुराड्यांत, विधवांच्या गॅरेजांत शिरायला लागली. जी गाडी जितकी भिकारी दिसेल तितकी नशीबवान. इंडियानात एक सापडली, टेनेसीत एक. पूर्वी पट्टे बघून धावणारे लोक आता कोरी पट्टी दिसली की गुडघे टेकायचे.

पण त्याआधी, त्याच संध्याकाळी, स्टिट मेतोदकडं गेला. मीही होतो. त्यानं काही न लपवता सगळं सांगितलं आणि म्हणाला, "ते इंजिन कुठाय? आपण आत्ता बसवू. मी स्वतः बसवतो."

मेतोद पायरीवर बसला होता. "पुलाच्या तुळईत असेल," म्हणाला. "नाहीतर कुणाच्या फ्रिजमध्ये. भट्टीतून गेलं की कुठं जातं ते आम्हाला सांगत नाहीत."

स्टिटला कळायला वेळ लागला. कळल्यावर तो पायरीच्या दुसऱ्या टोकाला बसला.

"तो आकडा," मेतोदनं विचारलं, "आमच्यावरही असता?"

"मला वाटतं, असता."

"वाटतं, का असता?"

"असता, हुडाकसाहेब."

मेतोद उठून आत गेला. दार उघडंच होतं. लुडमिला बटाटे सोलत होती. तो म्हणाला, "सिरिल खरं बोलला होता."

तिनं सुरी थांबवली नाही. "मला कशाला सांगतोस? मी कधी विचारलं होतं?"

पुढच्या उन्हाळ्यात मेतोदनं गाडी पुन्हा मैदानावर नेली. फीत परत केली. स्टिट घेईना, तेव्हा टेबलावर ठेवून आला. 'बदललेल्या गाड्या' या वर्गात, सगळ्यात मागं, शौचालयाच्या बाजूला, जागा मागून घेतली. पुठ्ठा नाही. बॉनेट उघडं. त्या वर्षी पहिल्यांदाच लुडमिला बरोबर आली आणि घडीच्या खुर्चीवर चाकाशेजारी बसली.

एव्हाना सगळ्यांना या गाड्यांचं वेड लागलं होतं. कोरी पट्टी पाहून पिट्सबर्गचा एक तरणा माणूस धावतच आला. बॉनेटखाली वाकला आणि त्याचा चेहरा पडला.

"अरेरे! मूळचं इंजिन कुठंय, काका?"

"वितळवलं."

"कुणी?"

"मी."

"असं कसं केलंत? त्याच्यासाठी माणसं घर विकतील आज! का वितळवलंत?"

मेतोद बॉनेटच्या कडेवरची धूळ हातानं पुसायला लागला.

"लोकांनी सांगितलं म्हणून," लुडमिला खुर्चीवरून म्हणाली.

मेतोदनं मान हलवली. "हो," तो त्या तरण्या माणसाला म्हणाला. "लोकांनी सांगितलं म्हणून."