पांढऱ्या डब्याचा हेवा

मित्रांनो, मी कोंबड्यांचे खाद्य कालवणारा एक जुना ड्रम आहे. माझा स्वभाव फार हेवेखोर, हे मी आधीच कबूल करून टाकतो.

पूर्वी मी तेलाचे पिंप होतो. एका वेल्डरने मला लोखंडी घोडीवर तिरका बसवला, पोटात चार पाती जोडली आणि बाहेर दांडा लावला. आमच्या मालकीणबाईंना सगळे आत्या म्हणत. तेव्हा त्यांच्या कोंबड्या नुसत्या धान्यावर वाढत. पिल्लांचे पाय वाकडे होत, अंड्यांचे कवच बोटाने दबे. मग जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर मिश्रण लिहून दिले: मक्याचा भरडा, सोयाबीनची पेंड, शिंपल्यांचा चुरा, जीवनसत्त्वांची चिमूट. ते मी कालवू लागलो. दोन-तीन महिन्यांत पिल्ले ताठ उभी राहिली. आत्या माझ्या पाठीवर थाप मारून म्हणत, "हा माझा उजवा हात."

तेवढ्यात त्यांचा भाचा कामाला आला आणि त्याने दुकानातून जंतू मारणाऱ्या औषधाचा एक पांढरा डबा आणला. दर घाण्यात चमचाभर पूड. कोंबड्या भराभर वजन धरू लागल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला भाचा सांगे, "सगळी या पुडीची किमया."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. शंभर गिरक्या घ्यायच्या मी, ती पूडही माझ्याच पोटात फिरायची, आणि कौतुक मात्र डब्याचे! तो काचेच्या कपाटात, रोज पुसलेला. मी दाराबाहेर, गंजलेला.

भाचा हळूहळू निर्धास्त झाला. त्याने पेंड कमी केली. पाण्याची भांडी धुवायची राहू लागली, खालचा भुसा ओला तसाच पडून राही.

"अरे, वास येतोय शेडमध्ये," आत्या म्हणाल्या.

"पूड चालू आहे ना, आत्या. काही होत नाही."

एके दिवशी पिल्ले पंख पाडून कोपऱ्यात बसली. त्यांना हगवण लागली. भाच्याने तीच पूड दुप्पट दिली, पण गुण येईना. खरे सांगतो, मला मनातून गुदगुल्या झाल्या. जिरली डब्याची, असे वाटले.

दुसऱ्या सकाळी भाचा माझ्यासमोरून टोपली घेऊन गेला. टोपलीत अकरा मेलेली पिल्ले होती. दुपारी तो पुन्हा गेला, तेव्हा ती काठोकाठ भरली होती. आत्या पायरीवर बसून एका पिल्लाला थेंब थेंब पाणी पाजत होत्या. ते त्यांच्या तळहातावरच निपचित पडले. माझ्या गुदगुल्या तिथेच विरल्या.

डॉक्टरीणबाईंनी मेलेल्या पिल्लांची तपासणी करून आणली. "रोज थोडं थोडं देत राहिलात, त्यामुळे जंतू सरावले. आता ते या औषधाला भीक घालत नाहीत. उद्या असे जंतू माणसाला झाले, तर काय द्यायचं?"

भाचा खाली मान घालून म्हणाला, "माझं चुकलं, आत्या."

डॉक्टरीणबाईंनी दुसरे औषध मोजून पाच दिवस दिले, मग बंद केले. उरलेली पिल्ले उठली. मित्रांनो, हे मला झोंबले. मी कितीही गिरक्या घेतल्या असत्या, तरी त्यातले एकही पिल्लू मला उठवता आले नसते. ते काम औषधाचेच होते.

आता भाचा पहाटे भांडी घासतो, भुसा वरखाली करतो, कागदाप्रमाणे पेंड घालतो आणि मगच माझा दांडा फिरवतो. नवे औषध कुलपात असते. त्या कुलपाकडे पाहून आजही माझा जळफळाट होतो. स्वभाव जात नाही. पण एक विनंती करतो. धडधाकट जिवाला चांगले अन्न द्या, स्वच्छ पाणी द्या, कोरडी जागा द्या. औषध आजाऱ्यासाठी राखून ठेवा. ते कुलपातच राहिले, तर माझ्याइतका आनंद कुणाला होणार नाही.