मेथीच्या चटईवरचा कवडसा

कौलांमधल्या काचेतून उतरणारा कवडसा दुपारी शेजारच्या वर्गात मेथी नावाच्या चटईवर यायचा, आणि लाकडी पार्टिशनपलीकडून शेखबाईंचा आवाज ऐकू यायचा, "हं, मेथी, वाचा आता." त्यात हुकूम नसे, पाहुण्याला पाट सरकवून द्यावा तसं आर्जव असे. आज इतक्या वर्षांनीही त्या तिरप्या, धूळभरल्या उजेडात मला प्रथम दिसतो तो बाईंचा हात: खडूने पांढरी झालेली बोटं, आणि पुस्तकाच्या पानाखाली हलकेच सरकवलेला अंगठा.

मार्केट यार्डासमोरच्या आमच्या शाळेत चौथीचे दोन वर्ग होते, एक त्यांचा, एक माझा. मुलं हमालांची, कांदा निवडणाऱ्या बायांची. कुणी घडाघडा वाचणारं, कुणी हिशेबात तरबेज पण जोडाक्षर दिसलं की मान खाली घालणारं. या साऱ्यांना एकाच सुरात हाकणं बाईंना अन्यायाचं वाटे. त्यांनी बाकं भिंतीशी लावली, चटया अंथरल्या. मेथी, शेपू, घेवडा ही नावं मुलांनीच दिली. प्रत्येक चटईवर एक चांगलं वाचणारं मूल, बाकीच्यांनी त्याच्या आधाराने आपापल्या वेगाने चालायचं. सकाळी नेमलेला धडा दुपारी चटईतलं कुणीतरी एक वाचणार, आणि ते वाचन अख्ख्या चटईचं धरलं जाणार. मुख्याध्यापक दारातूनच म्हणत, "शेखबाई, यार्ड रस्त्यापलीकडे आहे, ते आत कशाला आणलंत?" बाई नुसत्या हसत. माझ्या वर्गात शिस्त होती, त्यांच्या वर्गात गुणगुण होती, आणि खरं सांगायचं तर त्या गुणगुणीचा मला हेवा वाटे.

त्यातून सखूचा आवाज वेगळा ओळखू यायचा. कांदा निवडणाऱ्या बाईची ही थोरली मुलगी. अंगाने किरकोळ, आवाज मात्र घासलेल्या तांब्यासारखा स्वच्छ. ती वाचू लागली की माझा वर्गही कान देई. तिचे चढउतार, थांबे, श्वास घेण्याच्या जागासुद्धा मेथीवरच्याच, चांगलं वाचणाऱ्या मंदासारख्या होत्या, हे माझ्या ध्यानात आलं होतं. मैत्रिणींचा लळा, एवढंच मी मानलं. बाईंना काही बोलले नाही.

फाल्गुन सरत आला होता, परीक्षेला तीन आठवडे उरले होते. सखू चौथी पास झाली तर पुढच्या शाळेत घालीन, नाहीतर माझ्याबरोबर कांद्यावर नेईन, असं तिच्या आईने बाईंना सांगितलं होतं. त्या दुपारी मी खडू मागायला बाईंच्या वर्गात गेले होते. कवडसा मेथीवर आला. सखू उभी राहिली, ओळीवर बोट ठेवून वाचू लागली. खिडकीतून वाऱ्याचा झोत आला आणि पान उलटलं. तिचं बोट नव्या पानावरून सरकत राहिलं. आवाज जुन्याच पानावर चालत राहिला.

गुणगुण एकेका चटईवरून विझत गेली. तेव्हा मंदा उठून म्हणाली, "बाई, तिला समदं येतंय. नुसती अक्षरं येत न्हाईत. आमी रोज पाठ करून देतो की." त्या बोलण्यात कबुली नव्हती, अभिमान होता. एकमेकांना सांभाळा, असं बाईंनीच तर शिकवलं होतं.

मग तीन आठवडे बाई सखूला शाळा भरण्याआधी एकटीला घेऊन बसल्या. मैत्रिणींच्या गुडघ्याला गुडघा लावून बोलणारी ती पोर एकटी पडली की मुकी होई. म आणि भ यांच्यामध्ये तिचं बोट अडून राही. मंदाला शेजारी बसवावं तर मंदा मायेने उत्तर कुजबुजे. एकदा डबा तसाच ठेवून बाई मला म्हणाल्या, "अहो, मी सगळ्यांना एकमेकांच्या हवाली केलं. हिच्याजवळ मीच गेले नाही हो."

परीक्षेत कुजबुजायला कुणी नव्हतं. सखूने कोरा पेपर नीट घडी घालून बाईंच्या हातात दिला, आणि जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती आली नाही. बाई दोनदा यार्डात जाऊन आल्या. सखूने कांद्याच्या ढिगामागून ओळखीचं हसून हात हलवला, असं त्यांनी सांगितलं.

चटया मात्र त्यांनी मोडल्या नाहीत. निवृत्त होईपर्यंत त्या दर दुपारी प्रत्येक वाचणाऱ्या मुलाशेजारी वाकत, पानाखाली अंगठा सरकवून पान हलकेच उलटत, आणि श्वास रोखून ऐकत.

आता बाई नाहीत, ते पार्टिशनही नाही. मधली इतकी वर्षं उलटून गेली; तो स्वच्छ आवाज मात्र अजून त्याच पानावर वाचतो आहे, आणि पलीकडून ऐकणारी मी अजून गप्प आहे.