अठरा हँडलं

धाकट्या सुनेला जुळ्या मुली झाल्या, त्याच वर्षी महामारी आली आणि फिटरबाईचं संस्थेत जाणं सुटलं.

पंपाच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर म्हणून घासलेली बाई. निवृत्त झाल्यावर अकरा वर्षं संस्थेत फुकट राबली. आजाऱ्यांना खाटा, कुबड्या, चाकांच्या खुर्च्या वापरायला द्यायच्या, परत आल्या की दुरुस्त करायच्या, हे संस्थेचं काम. खाटेची डोक्याकडची बाजू उचलायची हँडलं लोक हरवून टाकत. बाईनं घरून सळ्या आणल्या, वाकवल्या आणि नवी केली. अठरा.

साथ पसरली तसं कार्यवाहांनी तिला फाटकातच अडवलं. चार स्वयंसेवक बघत उभे होते. कार्यवाहांनी फवारणीचा पंप उचलला आणि तिला डोक्यापासून चपलांपर्यंत भिजवलं.

"साठीच्या पुढचं कुणी नको, बाई. इथंच आडव्या झालात तर आमच्या गळ्यात पडायचं."

चौघांतलं कुणीतरी फिस्सकन हसलं.

"माझं सामान तेवढं घेते," बाई म्हणाली. अठराही हँडलं तिनं पिशवीत भरली. पिशवीत काय खणखणतंय, हे कुणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांत भीतीनं ते चौघंही यायचे बंद झाले. कार्यवाह एकटे उरले. खाटा सपाटच जाऊ लागल्या. लोक उशा रचून भागवत. बाईच्या कानावर यायचं. वाईट वाटायचं, नाही असं नाही. पण मानेवरून ओघळलेलं ते पाणी आठवलं की वाईट वाटणं तिथंच आटायचं.

सप्टेंबरातल्या एका बुधवारी कार्यवाह दारात आले.

"बाई, आईला दम लागतो. आडवी झाली की गुदमरते, उशांवरून घसरते. एक हँडल द्या."

बाई खिडकीतूनच बोलली. "साठीच्या पुढच्यांनी दार उघडायचं नाही. नियम तुमचाच."

"चुकलो मी."

"मग तो पंप घेऊन या. आणि त्या चौघांनाही आणा, बघायला."

"ते कुठले येतात आता! फोनसुद्धा उचलत नाहीत."

"माझ्या वेळी बरे जमले होते."

आतून सून म्हणाली, "आई, द्या की हो. म्हातारं माणूस आहे."

"तू पोरींकडे बघ."

गुरुवारी कार्यवाह खांद्याला पंप अडकवून एकटेच आले. बाई पायऱ्या उतरली आणि सावकाश, टाकी रिकामी होईपर्यंत फवारत राहिली. ते डोळे मिटून उभे राहिले.

"आता देता?"

"आता वाळा. उद्या या."

शुक्रवारी सकाळी बाईनं एक हँडल काढलं, तेल दिलं, फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवलं. दुपार झाली तरी कुणी आलं नाही. मग चौघांतल्या एकाचा फोन आला.

कार्यवाहांची आई त्या शुक्रवारी, अकरा सप्टेंबरला, सकाळी सात वाजता वारली. वय ब्याऐंशी.