पंप उलटा टांगायचा दिवस

पांढरी साडी नेसून मी विहारात पोचले, तर दाराला कुलूप. अंगण झाडणारी मावशी म्हणाली, "अगं, पौर्णिमा आज संध्याकाळी लागते. पाळायची उद्या. तुला कुणी सांगितलं आज?"

सांगितलं होतं ऑफिसातल्या कॅलेंडरने. वर्षातून एकच सुट्टी मी भांडून घेते, ती वाया गेली.

मी घराघरांत, हॉटेलांत औषध फवारते. झुरळं, मुंग्या, ढेकूण. बाबाही हेच करायचे, पण वैशाखी पौर्णिमेला पंप धुऊन उलटा टांगायचे. त्या दिवशी शील घ्यायचं असतं, कुठल्याही जिवाला मारणार नाही म्हणून. तोंडाने ते म्हणायचं आणि हातात पंप धरायचा, हे बाबांना जमलं नाही. मलाही जमत नाही.

दुसऱ्या दिवशी तीच साडी नेसून ऑफिसात गेले. एका हॉटेलात उद्या तपासणी होती, आजच फवारायचं होतं.

"आज मी नाही," मी मालकांना म्हणाले.

"काल झाली ना तुझी पौर्णिमा?"

"काल चुकले. पौर्णिमा आज आहे."

"बरी सोयीची पौर्णिमा आहे. वर्षभर झुरळं मारतेस आणि आज दया? करून करून भागली आणि देवपूजेला लागली."

माझं डोकं फिरलं. "देवपूजा नाही, मालक, शील आहे. आणि भागलेलीही नाही. उद्या सहाला येते मारायला."

"आज गेलीस तर उद्या यायचं कारण नाही."

खोटं कशाला बोलू, नोकरी मला हवी होती. घरात कमावणारी मी एकटी. तरी पंप धुतला आणि त्यांच्याच खुर्चीमागच्या खिळ्याला उलटा टांगला.

"मग तुम्हीच जा. औषध मोजून घाला, मास्क विसरू नका."

विहारात शील घेतलं, बोधिवृक्षाला तांब्याभर पाणी घातलं. माझ्या हातांचा औषधाचा वास कशानेच जात नाही, पण त्या एका दिवशी मला माझे हात आवडतात. त्या दिवशीच्या शीलात दुपारनंतर जेवायचं नसतं. भूक लागली, नोकरीची धास्तीही वाटली. एक मुंगी पदरावर चढली. मी फुंकरसुद्धा मारली नाही, तिची ती उतरली.

सकाळी सहाला ऑफिसात हजर झाले. मालकांचे डोळे लालभडक आणि खोकला थांबेना. मास्क विसरलेच होते.

"हॉटेलवाला ओरडतोय. ओट्याखालची झुरळं तशीच फिरतायत," म्हणत त्यांनी पंप पुढे सरकवला. "तपासणीच्या आत जाऊन ये."

झुरळांना पौर्णिमा पावली म्हणायची. मी पंपाला हात लावला नाही.

"आधी लिहा. दर वर्षी वैशाखी पौर्णिमेला मला सुट्टी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पेन उघडलं. "पुढच्या वर्षीची तारीख?"

"जागा मोकळी सोडा. तुमच्या कॅलेंडरचं नाव काढू नका. तारीख मी विहारात विचारून सांगेन."

त्यांनी खोकत खोकत लिहिलं, खाली सही केली. मग मी पंप उचलला.