आठ नंबरचा कंडेन्सर

सुकलू लोहाराने कुऱ्हाडी घडवल्या, त्याचा मुलगा झाडू याने त्यांना धार लावली आणि झाडूचा मुलगा वारलू त्याच कुऱ्हाडी घेऊन कुरखेड्याच्या रानात बांबू तोडायला गेला. तिथे वारलूला वाघाने धरले. तेव्हा गोंडपाड्यातल्या पोचूने आपला डावा हात त्या जबड्यात कोंबला. वारलू सुटला, पोचूचा हात मनगटापासून गेला. मरताना वारलूने मुलाला एवढेच सांगितले, "इसरू, पोचूभाऊचा एक हात आपल्या घरावर उधार हाय."

इसरू चांद्याला रेडिओदुरुस्ती शिकला आणि सत्तावन्न साली गुणवंतरावांच्या फिरत्या सिनेमाच्या जीपवर भोंगे सांभाळू लागला. गुणवंतरावांचे एकच म्हणणे, "ढोल पाड्यापाड्यात ऐकू जाते. भोंगाही ढोलावानीच बोलला पायजे!" भोंग्याचा पडदा नाजूक, जाड आवाजाने तो फाटतो, हे इसरूने परोपरीने सांगितले. तरी एका सकाळी मालकाने ढोलाची तबकडी लावली आणि दोनातला एक भोंगा फाटला.

त्याच दुपारी जीप नदीकाठी आली, तो मोहाच्या झाडाखाली पोचू बांधलेला. त्याने बांबूतोड बंद पाडली, म्हणून ठेकेदाराचा मुकादम बिरजू चार लठैतांसह त्याला झोडपत होता. पोचूच्या तोंडातून रक्ताची धार लागली होती. त्याची बायको मंगली फुटल्या कपाळाने जीपपाशी येऊन कोसळली.

"एकच हात उरला ना बे?" बिरजूने कुऱ्हाड उचलली. "तोबी ठेव ओंडक्यावर. मंग पाहू, कोन कोनाले अडवते!"

पोचूबरोबर काम थांबवलेले चाळीस तोडणारे होते, पण नदीपल्याड, अर्ध्या कोसावर, दाट बांबूतल्या झोपड्यांत. मंगलीची हाक तिथवर जाणार नव्हती.

"गाडी हाक बे! आपलं काय जाते?" गुणवंतराव ओरडले. इसरूने चावी काढून खिशात टाकली आणि पेटी उघडली. पूर्ण आवाजाने उरलेला भोंगाही फाटू नये म्हणून तारेत घालायला दोनच कंडेन्सर होते, एक पन्नास नंबरचा, एक आठ नंबरचा.

"मोठा लाव ना! पन्नासवाला!"

"मोठा जाड आवाजही सोडते, मालक. हा पडदाही जाईन. आठवाला जाड अडवते, बारीकच सोडते. रानात शब्द बारीक आवाजानंच जाते. बायका मोहफुलं वेचाले जाते तवा कशा हाका मारते, ऐकलं नाई कधी?"

तारेला डाग द्यायचा कहिया तापवायला वेळ नव्हता. त्याने भोंग्याची तार दातांनी तोडली, आठच्या कंडेन्सरचे पाय तिच्या टोकांना पिळले आणि तो जोड डाव्या मुठीत आवळला. मूठ सुटली की भोंगा मुका.

"मंगलीबाई, मोहावर मारता तशीच हाक मारा!"

मंगलीने माईक धरला. सुईसारखी हाक पाण्यावरून गेली, "पोचूले मारून राह्यले वोऽऽ! धावा वोऽऽ!"

पलीकडून उत्तराची हाक उठली. बिरजूने कुऱ्हाड खाली केली आणि ओरडला, "तो भोंगा फोडा आधी!"

लठैत जीपवर चढले. मुठीतली तार सोडवायला पहिली लाठी इसरूच्या मुठीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. दुसरी बसली. तिसरीला कातडे फाटून पांढरे टोक वर आले. मूठ सुटली नाही.

"थांबू नका, बाई!" तो ओरडला. हाक चालूच राहिली.

चाळीस कुऱ्हाडी पाण्यात उतरल्या. लठैत पळाले. बिरजू मात्र खालच्या अंगाने नदी ओलांडून पळताना सापडला. कुऱ्हाडींच्या दांड्यांनी त्याचे दोन्ही गुडघे फोडले गेले आणि बराच वेळ ते पाणी लाल वाहत होते.

पोचूचे दोर कापले गेले. त्याने आपल्या धोतराची पट्टी फाडली आणि एका हाताने, दातांत टोक धरून, इसरूची मूठ बांधू लागला. बोटे उघडेनात. शेवटी एकेक बोट उकलून तो कंडेन्सर काढावा लागला. त्या हाताने इसरूने पुन्हा कधी तार पिळली नाही.

पोचू आपल्या शाबूत उजव्या हाताकडे पाहत राहिला.

"बाबू," तो म्हणाला, "वारलूचं फिटलं."

इसरूने होकारार्थी मान डोलावली. घरावरचा तो हात आज उतरला होता.