टेलरबाईंचा ज्युदो

टेलरबाईंची शिवण उसवली, असं म्हणायची वीस वर्षांत कुणाची छाती झाली नव्हती. जिन्याखालचं त्यांचं दुकान एवढंसं, की गिऱ्हाईक आत आलं की बाईंनी पोट आत ओढून बसायचं. पण काम चोख. त्यामुळे महिन्याभरापूर्वी दुरुस्त करून दिलेली सात जॅकेटं घेऊन ज्युदोचे सर पुन्हा दारात उभे राहिले, तेव्हा बाईंचं पित्तच खवळलं.

"दुहेरी टीप मारली होती मी!"

"टीप शाबूत आहे हो," सर म्हणाले. "तिच्या शेजारचं कापड फाटलंय."

सर म्हणजे निवृत्त पोस्टमन. कान मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखे चुरगळलेले, आणि बोलणं इतकं हळू की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. बाईंनी जॅकेट उलटंपालटं केलं. काखेत, कॉलरच्या कडेला, सगळी त्याच जागी फाटलेली.

"अंगात घालून करतात तरी काय ही मुलं?"

"या की बघायला."

बाई गेल्या. गळ्यात टेप तसाच. कागदाच्या गोदामावरच्या हॉलमध्ये हिरव्या मॅटवर पंधरावीस जण एकमेकांना धरून आपटत होते. बाईंनी अर्धा तास डोळे फाडून बघितलं, पण कापडाला ओढ नेमकी कुठून बसते ते काही ध्यानात येईना.

"बघून नाही कळायचं," सर म्हणाले. "घाला एक."

आधी त्यांनी बाईंना पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, नजर पट्ट्याच्या गाठीवर, मोकळा हात मॅटवर सपकन. एक्केचाळीस वर्षांच्या बाईंना बसल्या जागेवरून मागे पडायचीही भीती वाटली. दहा-बारा वेळा पडल्यावर सरांनी नर्सिंग शिकणाऱ्या एका धिप्पाड मुलीला पुढे बोलावलं. तिने एका हाताने बाईंची बाही धरली आणि दुसऱ्या हाताने कॉलर.

कॉलरला हात लागला मात्र, बाईंचं अंग लाकूड झालं. लहानपणी बाबा मारायचे ते आधी कॉलर धरून. दूध सांडलं, उत्तर उलटं दिलं, किंवा काहीच केलं नाही, तरी मानेशी ती मूठ यायची. त्यानंतर कुणी तिथे धरलंच नव्हतं. नवऱ्याच्या तर स्वप्नातही आलं नसतं.

"सोडू का?" मुलीने विचारलं.

"नको," बाई म्हणाल्या. "पाड."

मुलीने पाडलं. जमीन वर आली, हात सपकन वाजला, आणि बाईंना कळलं की आपलं डोकं काही आपटलं नाही. मुलीने त्यांची बाही शेवटपर्यंत सोडली नव्हती. वर ओढून धरली होती. काखेतलं कापड फाटत होतं ते त्या ओढीने.

"पाडणाऱ्याने बाही सोडायची नाही," सर म्हणाले. "समोरच्याचं डोकं आपल्या जबाबदारीवर असतं."

बाई मॅटवर आडव्याच राहिल्या. त्यांना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. त्या आठवड्यात त्यांनी सातही जॅकेटांच्या काखेत जाड कापडाची चौकोनी ठिगळं घातली, आणि आठवं जॅकेट स्वतःच्या मापाचं शिवलं.

घरी मात्र तोंडाला कुलूप. मंगळवार आणि गुरुवारी संध्याकाळी काम लांबतं, एवढंच सांगून ठेवलं. पण नडग्यांवरचे काळेनिळे डाग लपवणार किती? एकदा लेकीने त्यांना स्वयंपाकघरात कोपऱ्यात घेतलं.

"आई, खरं सांग. तुला कोण मारतं?"

"एक नर्स," बाई म्हणाल्या आणि हसत सुटल्या. मग सगळं सांगावंच लागलं.

नवरा बस डेपोत मेकॅनिक. हातातलं फडकं खाली ठेवून तो म्हणाला, "अगं, या वयात? हात मोडला तर? लोक काय म्हणतील?"

"लोकांच्या पँटी आखूड करून देते ना ती, मग बोलतील कशाला?" सासूबाई आतून म्हणाल्या. "आणि तू डोळे उघडून बघ जरा. पूर्वी या घरात चोरासारखी वावरायची. आता पाऊल वाजतं तिचं."

नवऱ्याने विचार केला. पुढच्या मंगळवारी तो डेपोतून दुखऱ्या सांध्यांना चोळायचं मलम घेऊन आला.

अशी तीन वर्षं गेली. बाईंना हिरवा पट्टा मिळाला. आणि मग भावाची बदली लांब झाली, आणि बाबा राहायला बाईंकडे आले.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचे बाबा म्हणजे हाताला काठी, अंगावर दोन स्वेटर आणि आवाज वाऱ्यावर विरणारा. लेकीला आजोबा लाडके. बाई त्यांचं सगळं करायच्या. औषधं वेळेवर, पाणी कोमट, अंथरूण स्वच्छ. फक्त त्यांच्यापाशी बसायच्या नाहीत.

"दर मंगळवारी, गुरुवारी जातेस तरी कुठे?" एकदा बाबांनी विचारलं.

"कुस्तीला," बाई तोडून म्हणाल्या.

"मला ने एकदा."

बाईंना नाही म्हणायचं होतं. पण सासूबाई म्हणाल्या, "ने गं. दिवसभर भिंती बघून भिंतीसारखाच झालाय माणूस." लेक जिन्यावर हात धरायला सोबत आली.

बाबा कडेच्या बाकावर बसले. त्या दिवशी बाईंची गाठ पडली सुतारकाम करणाऱ्या एका तरुणाशी. गडी ताकदवान, पण स्वभावाने गरीब गाय. दोन वेळा बाईंनी त्याला गुंगारा दिला. तिसऱ्यांदा त्याची मूठ कॉलरवर पक्की बसली, बाई हवेत गेल्या आणि धप्पकन पाठीवर आल्या.

"ए! सोड तिला!"

सगळे वळले. बाबा उठून उभे होते. काठी मॅटवर घरंगळलेली. "हात लावू नकोस माझ्या पोरीला!" विरलेला आवाज कुठून एवढा मोठा झाला कोण जाणे. सुतार तर इतका घाबरला की त्याने बाईंनाच "सॉरी, काकू" म्हटलं.

बाई उठल्या. वाकून नमस्कार करून खेळ रीतसर संपवला. मग बाबांची काठी उचलून त्यांच्या हातात दिली आणि लेकीला म्हणाल्या, "तू पुढे हो. मी आणते यांना."

अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या. तीन वर्षं घामाबरोबर राग गेला असं त्यांना वाटलं होतं. तो कुठेही गेला नव्हता.

"त्याने माझी बाही धरली होती, बाबा. मला लागू नये म्हणून. तुम्ही धरायचात तेव्हा नाही कुणी ओरडलं, सोड तिला म्हणून."

बाबांनी कठडा धरला. खालून गोदामातल्या कागदाच्या गठ्ठ्यांचा आवाज येत होता.

"तुझी आई ओरडायची," ते म्हणाले. "मी ऐकायचो नाही."

बस, एवढंच. माफी मागितली नाही, आणि बाईंनीही दिली नाही. पण आई ओरडायची, हे त्यांना ठाऊक नव्हतं. मार खाताना कान बंद होतात. त्यांच्या आठवणीतली आई नेहमी मुकीच उभी होती. आई जाऊन अकरा वर्षं झाली होती. जिन्यात उभ्या उभ्या बाईंना ती पहिल्यांदा ऐकू आली आणि त्यांना रडू फुटलं. बाबांनी हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि परत कठड्यावर ठेवला.

पुढचा गुरुवार आला तेव्हा बाबा बूट घालून दारापाशी तयार बसले होते.

"आज नको," बाई म्हणाल्या. "आज मला एकटीला जायचंय."

"बरं," म्हणत बाबा वाकून बुटाचे बंद सोडू लागले. गाठ सुटेना. बाई क्षणभर बघत उभ्या राहिल्या. मग खाली बसल्या, दोन्ही बंद सोडले, आणि जॅकेटची पिशवी खांद्याला लावून निघाल्या.