टाळीआधीचा श्वास

माझा धंदा नको ते काढून टाकण्याचा आहे. रेकॉर्डिंग ऐकताना लोकांना वाटतं, गाणाऱ्याने एका दमात गायलं. एका दमात वगैरे काही नसतं. मध्ये खुर्ची कुरकुरते, कुणाचं पोट बोलतं, कुणी घसा खाकरतं, आणि सगळ्यांत जास्त म्हणजे माणसं श्वास घेतात. ते सगळं मी कापते. शिंप्याच्या दुकानामागे माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या रजया ठोकल्यात. काम सुरू करण्याआधी फ्रीजचा प्लग काढावा लागतो, नाहीतर त्याची घरघर मागे उमटते. मग तो पुन्हा लावायचं हमखास राहून जातं. माझ्याकडे दूध नासलं की समजावं, काम चांगलं झालंय.

त्या खोलीत भावजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने, उभं आयुष्य फ्लॅमेन्को, म्हणजे स्पेनकडच्या नाचगाण्याची गिटार वाजवली. आणि त्यांच्या शेजारी बसून ताईने टाळ्या दिल्या.

टाळ्या म्हटलं की लोकांना कौतुकाच्या वाटतात. तसं नाही. फ्लॅमेन्कोत टाळी हे वाद्यच असतं. बारा मात्रांचं आवर्तन फिरत राहतं, आणि टाळी देणारं माणूस ते धरून ठेवतं, म्हणजे गिटारवाल्याला हवं तिथे भटकून परत येता येतं. एक टाळी कडक, उघडी. दुसरी तळहात वाटीसारखे करून दिलेली, दबकी. ताईची दबकी टाळी ऐकून नाचणाऱ्या बायका विचारायच्या, "हिच्या हातात उशी आहे का?" बसण्याआधी ती बोटातली अंगठी काढून माइकच्या स्टँडच्या हुकाला अडकवायची, कारण अंगठी राहिली तर टाळीत बारीक टिक् येतं. आणि कडक टाळीच्या आधी ती श्वास घ्यायची. नाकाने, छोटासा. तो श्वास मी वर्षानुवर्षं कापत आले. ती चिडवायची, "धाकटे, मला श्वास तरी घेऊ दे गं."

गेल्या वर्षी ताई गेली. पोटाचं दुखणं तिने अंगावर काढलं, आणि डॉक्टरकडे गेली तेव्हा उशीर झाला होता.

भावजींनी त्यानंतर थोडे दिवस प्रयत्न केला. सुरुवात नीट व्हायची, पण दहाव्या मात्रेपाशी, जिथे ताईची कडक टाळी यायची, तिथे हात थांबायचा. "तिथे ती नाही हे ऐकू येतं," एवढंच म्हणायचे. मग गिटार पेटीत गेली. मग एक दिवस पाहिलं तर त्यांनी उजव्या हाताची नखं कापून टाकली होती. गिटारवाला ती नखं तळहातावरच्या फोडासारखी जपतो, गोंदाचे थर देऊन देऊन टणक करतो. मी घरी येऊन रडले.

म्हणून नखं पुन्हा वाढलेली पाहिली तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. त्या दिवशी भावजींबरोबर एक आडव्या अंगाचा, हसरा माणूस होता. काखेत मोठा डफ. दमट हवेत कातडं सैल पडतं म्हणून आल्या आल्या तो माझ्या हीटरपुढे डफ धरून बसला.

"धाकटे, मी आता दुसरं काहीतरी वाजवणार आहे," भावजी म्हणाले. "याच्याबरोबर. मंचावर कार्यक्रमही ठरलाय. वर्ल्ड म्युझिक म्हणतात."

"म्हणजे आजवर काय चंद्रावर वाजवत होतात?"

डफवाला खो खो हसला. भावजी हसले नाहीत. "याचं आवर्तन नऊचं आहे," ते म्हणाले. "नऊमध्ये तिची जागाच नाही. म्हणून वाटलं, तिथे जमेल."

सरळ सांगते, माझं डोकं फिरलं. हा माणूस बारा मात्रांच्या घरातून पळून चाललाय, आणि ताई तिथेच बसून राहणार, एकटी. पण नखांकडे पाहिलं आणि फ्रीजचा प्लग काढला.

पहिल्या दिवशी काही जमलं नाही. डफवाला नऊ मात्रा फिरवत राहिला, भावजी गिटार मांडीवर घेऊन नुसते बसले. हातच उठेना. मी हेडफोनमध्ये ताल धरायला यंत्राची टिकटिक दिली, तर हेडफोन काढून म्हणाले, "हे घड्याळ आहे. मी घड्याळाबरोबर संसार केला नाही." डफवाला चहा प्यायला बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तुझ्याकडे तिच्या टाळ्या असतील ना? सुट्या?"

असणारच. सगळ्या जुन्या रेकॉर्डिंगमध्ये होत्या. मी बसून एकेक टाळी कापली, आणि नऊच्या आवर्तनात मांडली. इथे कडक, इथे दबकी, इथे दबकी. आपल्या बहिणीचे हात असे सुटे करून ओळीने लावायला काळीज घट्ट करावं लागतं. तरी मला आत कुठेतरी बरं वाटत होतं. सोडून चालला होतात ना तिला? आता न्या बरोबर.

आणि भावजी वाजवायला लागले. दोन्ही कान झाकले की गिटारचं लाकूड ऐकू येत नाही, म्हणून एका कानावर हेडफोन आणि दुसरा कान उघडा, ही त्यांची जुनी सवय. त्या एका कानात ताई. हात असे धावले की डफवाल्याने वाजवता वाजवता डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गंगेत घोडं न्हालं.

दोन-तीन बैठका छान झाल्या. मग एका दुपारी केलेलं ऐकत असताना डफवाल्याने हात वर केला.

"बाई, या खोलीत आपण तिघंच असतो ना?"

"का?"

"मागे कुणीतरी टाळ्या देतंय."

मी आवाज वाढवला. गिटारच्या मागे, लांब, भिंतीपलीकडून यावी तशी ताईची टाळी येत होती. माझ्यासारखीने ही चूक करावी म्हणजे कमाल झाली. भावजींच्या हेडफोनचा मोकळा लटकणारा भाग गिटारच्या माइकजवळ होता, आणि त्यातून सगळं पाझरत होतं. दोन्ही आवाज एकाच माइकने टिपलेले, गिटार कापल्याशिवाय टाळी निघेना. डफवाल्याला तोवर या टाळ्यांचा पत्ता नव्हता. आता मला सगळं सांगावं लागलं. त्याने ऐकून घेतलं, आणि पहिल्यांदाच तो हसला नाही.

त्यानंतर भावजी मध्येच थांबायला लागले. नीट रंगात आलेलं असताना हात तारांवर ठेवायचे आणि मान तिरकी करून ऐकत राहायचे.

"काय झालं?" मी विचारलं.

"ती काहीतरी सांगायला जाते," ते म्हणाले. "आणि तू तिला तोडतेस."

 मला ठाऊक होतं ते कशाबद्दल बोलताहेत. टाळ्या कापताना या वेळी श्वास कापायला माझा हात धजावला नव्हता. ताईचा तेवढाच तर आवाज उरला होता. पण एका ठिकाणी जागा अपुरी पडली. श्वास राहिला, पुढचं काही मावलं नाही, लगेच दुसरी दबकी टाळी आली. त्यामुळे दर आवर्तनात ताई एकदा श्वास घ्यायची, आणि त्या श्वासाची कडक टाळी यायचीच नाही.

"भावजी, तो टाळीआधीचा श्वास आहे. नेहमीचा."

"टाळीचा श्वास मला कळतो गं. हा बोलण्याचा आहे."

मी तो काढून टाकते म्हटलं, तर त्यांनी माझा हात धरला. इतका घट्ट की नखं रुतली.

मग ते काम नसतानाही यायला लागले. दुपारी शिंप्याची मशीन बंद असायची तेव्हा मागच्या दाराने यायचे, हेडफोन लावून बसायचे. गिटार पेटीतच. एकदा मी दारातून पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. ऐकायचे, थांबायचे, काहीतरी उत्तर द्यायचे, पुन्हा ऐकायचे. मी तशीच मागे फिरले. पण त्यांना तरी नावं कशाला ठेवा? मलाही घरी भांडी घासताना नळाच्या आवाजात पाठीमागे तो श्वास ऐकू यायचा, आणि मी हात ओले तसेच धरून वाट पाहत राहायचे.

शेवटी डफवाल्याने मला बाजूला घेतलं. "बाई, कार्यक्रम तोंडावर आलाय. मंचावर या टाळ्या कुठून आणणार? मी समोर बसून जीव तोडून वाजवतो आणि ते ऐकतात तिचं. गेलेल्या माणसाचा मला हेवा वाटायला लागलाय, हे काही बरं नाही. पुढच्या बैठकीला ते हेडफोनशिवाय वाजवू शकले नाहीत, तर मी दुसरा गिटारवाला बघतो."

मला त्याचा संताप आला, आणि तो बरोबर बोलतोय याचा त्याहून जास्त. हे सुटलं तर भावजी पुन्हा नखं कापतील. आणि या खेपेला ती वाढवणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं.

तेव्हा मी तो श्वास कुठून आला ते शोधायला बसले. टाळ्या कुठल्या कुठल्या रेकॉर्डिंगमधून उचलल्या होत्या. हा तुकडा एका तालमीचा निघाला. ती तालीम अर्ध्यात मोडली म्हणून मी कधी पुढे ऐकलीच नव्हती, नुसत्या सुरुवातीच्या टाळ्या उचलल्या होत्या. त्या दिवशी पुढे ऐकलं. 

पुढच्या बैठकीला दोघं आले. मी म्हटलं, "आधी हे ऐका," आणि मोठ्या स्पीकरवर लावलं. हेडफोनवर नाही.

बाराचं आवर्तन फिरतंय. भावजींची गिटार, ताईच्या टाळ्या. कडक, दबकी, दबकी. मग तो श्वास. आणि टाळी नाही.

"थांबते रे मी," ताई म्हणाली. दमलेली होती, हसत होती. "तळहात पेटलेत नुसते. तू वाजव."

"तुझ्याशिवाय?" हे भावजी, गिटार न थांबवता.

"न जमायला काय झालं? मी चहा टाकते."

हुकावरून अंगठी काढल्याचा बारीक आवाज. चपला. दार. मग लांबून, माझ्याच आवाजात, "ताई, फ्रीजला हात लावू नकोस हं!" आणि मागे कपबशा वाजत असताना गिटार पुढे निघाली. दहावी मात्रा आली. गेली. बारावी आली, आवर्तन फिरलं, पुन्हा दहावी आली, गेली. कुणी टाळी देत नव्हतं. भावजी एकटे वाजवत होते, आणि कुठे अडखळत नव्हते.

मी स्पीकर बंद केला. भावजींचे डोळे वाहत होते, त्यांनी पुसले नाहीत.

"बोलण्याचाच होता," ते म्हणाले.

"हो. माझं चुकलं. बोलण्याचाच होता."

"मला हे आठवतच नाही. चहा प्यायलो आपण?"

"प्यायलो. काळा. दूध नासलं होतं."

तेव्हा ते हसले. ताई गेल्यानंतर पहिल्यांदा हसले, आणि त्यात रडणंही होतं. मग उठून त्यांनी हेडफोन स्टँडच्या हुकाला अडकवला, जिथे ती अंगठी अडकवायची तिथे. डफवाल्याला म्हणाले, "तापला का तुझा डफ?"

पहिल्या खेपेला हात थांबला. डफवाला थांबला नाही, मात्रा फिरवत राहिला, त्यांच्याकडे न बघता. दुसऱ्या खेपेलाही थांबला. तिसऱ्यांदा त्यांनी मान खाली घातली आणि शिरले. ते काय वाजवत होते ते मला सांगता येणार नाही. ते बारातलं नव्हतं आणि पळून आलेल्या माणसाचंही नव्हतं.

झाल्यावर मी हेडफोन चढवून तपासायला बसले. सवयीने गिटारचा आवाज वाढवला. मागे काही नव्हतं. आणखी वाढवला. तार, लाकूड, रजयांमधली शांतता. टाळी नव्हती. मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी वेड्यासारखी मागे नेऊन नेऊन ऐकत होते. भावजींना सोडवायच्या नादात मी माझ्या बहिणीला घालवून बसले होते. इतके महिने मी ताईसाठी धड रडले नव्हते, तुकडे जोडत बसले होते, आणि आता जोडायला काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात ते आलं. नववी मात्रा संपताना, पुढच्या कडक आघाताच्या आधी. नाकाने, छोटासा श्वास.

 मी टाळ्यांचा ट्रॅक पाहिला. बंद होता. भावजींचा हेडफोन हुकावर, वायर काढलेली. पुन्हा ऐकलं. श्वास जवळचा होता, गिटारच्या अगदी वर वाकलेल्या माणसाचा. मी मान वर केली. भावजी खिडकीपाशी बसून अंगठ्याचं नख कानशीने घासत होते. उभं आयुष्य तिच्या शेजारी बसून त्यांनी तो श्वास उचलला होता, आणि त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. तिच्या श्वासात मिसळून तो आजवर वेगळा ऐकूच आला नव्हता.

डफवाला माझ्या खांद्यावरून वाकून दुसऱ्या हेडफोनने ऐकत होता. "गिटारमध्ये श्वास फार मोठा येतोय, बाई," तो म्हणाला. "दर आवर्तनात आहे. तेवढा काढून टाका."

माझं बोट बटणावर होतं. सवयच ती.

"राहू दे," मी म्हटलं. "तिला श्वास तरी घेऊ दे."